मिस फरार यांचं इमान आणि आपला पैगंबरी पेशा

उर्दूत शिक्षकीला 'पैगंबरी पेशा' म्हणतात. 5 सप्टेंबरच्या भाषणांत हा शब्द हमखास येतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण मस्टरवर सही करून ऑनलाईन माहिती भरायला बसतो. मला हा शब्द प्रिय आहे. म्हणूनच तो वापरण्याचा हक्क कशानं मिळतो, हा प्रश्न मला पडतो. त्याचं उत्तर शोधताना आपल्या दीनच्या शिकवणीबरोबर एका ख्रिस्ती शिक्षिकेचं आयुष्यही मला फार मोलाचं वाटतं. ती आपल्या महाराष्ट्रातच शिकवत होती आणि इथल्याच मातीत गेली.

सिंथिया फरार यांचा जन्म 1795 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर प्रांतात झाला. तिथे त्या शाळेत शिकवत होत्या. मुंबईत मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनला शिक्षिका हवी होती, तेव्हा त्या निघाल्या. 1827 च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या. लग्न न झालेल्या बाईला अशा कामासाठी एवढ्या लांब पाठवणं त्या काळात अगदीच नवीन होतं. सुमारे दहा वर्षं मुंबईत काम केल्यावर प्रकृतीमुळे त्यांना मायदेशी जावं लागलं. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण 1839 मध्ये त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. 1862 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

तो काळ डोळ्यांसमोर आणून बघा. मुलगी शिकली तर विधवा होते, असं मानणारी घरं होती. आठ-नऊ वर्षांची झाली की तिचं लग्न लागायचं आणि पाटी-पुस्तक सुटायचं. म्हणजे अक्षरं जुळायला लागली की मुलगी शाळेतून जाणार, हे शिक्षिकेला आधीच माहीत. निकाल नाही, गुणवत्ता यादी नाही, मोठी होऊन भेटायला येणारी विद्यार्थिनीही क्वचितच. अशा कामात वर्षानुवर्षं टिकायचं कशाच्या जोरावर?

त्यांच्यापुरतं उत्तर साधं होतं: इमान. देवानं आपल्याला या कामासाठी बोलावलं आहे आणि हिशेब त्याला द्यायचा आहे, हा त्यांचा विश्वास. ख्रिस्ती परंपरेत याला 'पाचारण' असा सुंदर मराठी शब्द आहे. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. आपण नीयत म्हणतो, अमानत म्हणतो. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो, त्यात लोकांच्या उपयोगी पडलेलं इल्म येतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिक्षकाचं काम असं आहे की त्याचं फळ बहुतेक वेळा त्याच्या नजरेआड पिकतं. हिशेबाची वही दुसऱ्या कुणाच्या हातात आहे असा विश्वास असलेला माणूस अशा कामात अधिक काळ उभा राहू शकतो.

फरार यांच्या कामाचं फळ कुठे पिकलं? 1853 च्या 'ज्ञानोदय'मध्ये जोतिराव फुल्यांचं निवेदन आलं. अहमदनगरला फरारबाईंच्या शाळा पाहून आपल्याला मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात ज्या फातिमाचं नाव येतं, तिच्याशी आपलं नातं आपण अभिमानानं सांगतो. ते सांगताना या साखळीतली आधीची कडी मात्र आपण गाळतो.

त्याच्याही आधीची एक कडी आपल्या घरातली आहे. शिक्षण सुटून शेतावर राबणाऱ्या जोतिबांची हुशारी गफ्फार बेग मुन्शी या उर्दू-फारसीच्या शिक्षकानं ओळखली. त्यांनी आणि लिजिट नावाच्या ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांचं मन वळवलं आणि 1841 मध्ये जोतिबा पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एक मुसलमान उस्ताद एका माळ्याच्या मुलाला ख्रिस्ती शाळेत घालायला सांगतो, आणि पुढे महाराष्ट्राचा इतिहास बदलतो. माझ्यासारख्या उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला याहून मोठा वारसा कोणता हवा?

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, असं लोक म्हणतात. होता, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. त्यांच्या शाळांत बायबल शिकवलं जाई. 1839 मध्ये मुंबईत मिशन शाळेतल्या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मोठं वादळ उठलं आणि पालकांनी मुलं काढून घेतली. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरूनही असंच झालं. 1889 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुण्यात आलेली ती संस्था विधवांना शिकवत होती. त्यातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेकडे ओढल्या जातात, या कारणावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी 1893 मध्ये सल्लागार मंडळ सोडलं. उद्या माझ्या मुलीच्या वर्गात कुणी तिच्या दीनला हात घालू लागलं, तर मीही शांत बसणार नाही. म्हणून या पालकांची भीती मला कळते.

तरीही माझं मत असं आहे की शिक्षकाचं इमान त्याच्या कामाचं मूळ असावं आणि विद्यार्थ्याच्या मनाचं दार विद्यार्थ्याच्याच हातात असावं. दोन्ही एकत्र राहू शकतात. जोतिराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे मित्र राहिले, त्यांचे उपकार मोकळेपणानं मान्य केले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी आपला सार्वजनिक सत्यधर्म मांडला. शिक्षणाने त्यांना निवड करण्याची ताकद दिली, आणि ती ताकद मिळाल्यावर निवड त्यांचीच राहिली. आपल्या संविधानानं हीच गोष्ट कायद्यात आणली. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही, हे कलम 28 सांगतं. कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. ज्या कलमाच्या सावलीत मिशनच्या शाळा चालतात, त्याच कलमाच्या सावलीत 1874 मध्ये स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लामही चालते. त्यांच्या शाळांवर संशयाचं बोट उठतं तेव्हा गप्प राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि आपला आदर्श काय आहे? सीरतच्या ग्रंथांत बदरच्या कैद्यांची हकिकत आहे. मक्केहून लढायला आलेल्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिन्याच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावं, तीच त्यांच्या सुटकेची किंमत ठरली. ते मुसलमान नव्हते, कालपर्यंत रणांगणात समोर उभे होते. तरी त्यांना मुलांसमोर शिक्षक म्हणून बसवलं गेलं. ज्या उम्मतची सुरुवात 'इक़रा' या शब्दानं झाली, तिला इल्म देणाऱ्याचा धर्म आधी विचारण्याची सवय कुठून लागली?

गंमत अशी की प्रत्यक्षात आपण विचारतही नाही. शहरात आपली मुलं 'कॉन्व्हेंट'ला पाठवायची धडपड चालू असते. कुणाचीही इंग्रजी शाळा असली तरी तिला कॉन्व्हेंट म्हणण्याइतका तो शब्द प्रतिष्ठेचा झाला आहे. उर्दू शाळेत शिकवणारे अनेक शिक्षक स्वतःच्या मुलांना तिकडेच घालतात. मी त्यांना दोष देत नाही, पालक म्हणून प्रत्येकाची काळजी वेगळी. पण तिथली शिस्त, तिथलं इंग्रजी आपल्याला हवं असतं, आणि सगळं आयुष्य त्या शाळेला वाहिलेल्या सिस्टरच्या मनात काय आहे, हे जाणून घ्यावंसं वाटत नाही. तिची भाषा घेतली, तिची निष्ठाही थोडी घेऊ या.

निष्ठेचं नाव काढलं की एक धोका असतो, तोही सांगतो. 'पवित्र पेशा' म्हणत शिक्षकाला अर्ध्या पगारावर राबवणाऱ्यांची कमी नाही. महाराष्ट्रात 2000 मध्ये शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षकाला तीन वर्षं महिना 3,000 रुपये मानधन होतं. ते 16,000 व्हायला 2023 उजाडलं. हेच जोतिराव 1882 मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षकांना नीट प्रशिक्षण आणि पुरेसा पगार मिळावा म्हणून बोलले होते. इमान शिक्षकाला टिकवतं, पण त्याच्या घरची चूल ते पेटवत नाही. पाचारण ऐकू येणं ही शिक्षकाची गोष्ट. पगार वेळेवर देणं ही सरकारची आणि संस्थाचालकांची.

पण हक्क मागून झाल्यावर उरतं ते आपलं काम. उर्दू माध्यमाच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा लांब असते, रस्ता अडचणीचा असतो, घरी लग्नाचा विषय निघतो, आणि एक हुशार मुलगी जूनमध्ये कुठल्याच वर्गात दिसत नाही. तिचं नाव आपल्या पटावरून कमी झालेलं असतं, दाखल्यावर सही झालेली असते, कागदोपत्री आपली जबाबदारी संपलेली असते. नोकरी इथे संपते. पैगंबरी पेशा इथून पुढे सुरू होतो: तिच्या घरी जाणं, तिच्या अब्बांशी बोलणं, बसच्या पासाचं बघणं, पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करणं, आणि ऐकलं नाही तर पुन्हा जाणं. गफ्फार बेग मुन्शींनी गोविंदरावांच्या दारात जाऊन हेच केलं होतं. मिस फरार हेच परक्या मुलखात, परकी भाषा शिकून, मरेपर्यंत करत राहिल्या.

या जूनमध्ये आपल्या शाळेतून दाखला घेऊन गेलेल्या प्रत्येक मुलीचं नाव एका कागदावर लिहा आणि ती आज कुठे शिकते आहे ते समोर लिहा. ज्या नावासमोर लिहायला काही सापडणार नाही, ते घर आपलं.