रक्तक्षयामागे दडलेला सिकलसेल : छत्तीसगडमधील गर्भवतींच्या तपासणीतील अपुरा दुवा

रायपूर : छत्तीसगडमध्ये २००५-०६ मध्ये शंभरपैकी जेमतेम १४ प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होत होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ८५.७ टक्क्यांवर पोहोचले. २००२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशभरातील ‘आशा’ योजनेला आधारभूत ठरलेल्या ‘मितानिन’ कार्यकर्त्यांच्या जाळ्याचा या वाटचालीत मोठा वाटा आहे. मात्र त्याच सर्वेक्षणात राज्यातील ५१.८ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४१.५ टक्के होते. गर्भवती रुग्णालयापर्यंत पोहोचली, पण तिच्या रक्तातील उणीव कायम राहिली.

नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१८-२० च्या अहवालानुसार छत्तीसगडमध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३७ मातामृत्यू झाले. देशाची सरासरी ९७, तर शेजारच्या महाराष्ट्राचे प्रमाण ३३ होते. या तफावतीमागे दुर्गम वस्त्या, तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता, रक्ताची उपलब्धता अशी अनेक कारणे आहेत. त्यातील एक कारण मात्र रक्तक्षयाच्या सरसकट आकड्याआड सहज झाकले जाते. ते म्हणजे सिकलसेल.

गरोदरपणातील नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन किती आहे हे कळते, ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळत नाही. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची रचनाच सदोष असते. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नष्ट होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेली व्यक्ती रुग्ण ठरते. एकाकडूनच मिळाल्यास ती वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते.

मध्य भारताला हा आजार नवा नाही. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये त्याची भारतातील पहिली नोंद झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. विदर्भापासून छत्तीसगड व ओडिशापर्यंतचा पट्टा आज त्याचे प्रमुख क्षेत्र मानला जातो. रायपूरमधील संशोधकांनी छत्तीसगडमध्ये साडेतीन लाखांहून अधिक जणांची तपासणी करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे नऊ टक्के जण वाहक आढळले. हा आजार केवळ आदिवासींचा आहे, हा समज छत्तीसगडमध्ये टिकत नाही. साहू, कुर्मी यांसारख्या मोठ्या शेतकरी समाजांतही तो आढळतो. राज्याची स्वतंत्र सिकलसेल संस्थाही रायपूरमध्येच आहे.

सिकलसेलच्या रुग्ण महिलेसाठी गरोदरपण जोखमीचे असते. तीव्र वेदनांचे झटके, फुप्फुसांची गुंतागुंत, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढणे, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा महिलांमध्ये मातामृत्यूची शक्यता इतरांच्या तुलनेत चार ते अकरा पट असते. गरोदरपणातील सिकलसेलच्या उपचारांसाठी संघटनेने आपली पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे मात्र जून २०२५ मध्ये जाहीर केली. गर्भवती व स्तनदा मातांना औषधांच्या चाचण्यांतून दीर्घकाळ वगळले गेल्याने अनेक औषधांच्या सुरक्षिततेविषयी पुरेसा पुरावाच नाही, हे त्या निमित्ताने पुन्हा अधोरेखित झाले. उपलब्ध संशोधनाचा मोठा भाग आफ्रिका, अमेरिका व युरोपातील आहे. भारतात आढळणारे सिकलसेलचे जनुकीय रूप वेगळे असल्याने तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करता येत नाहीत.

या प्रश्नाची व्यावहारिक बाजू लोहाच्या गोळीपाशी दिसते. रक्तक्षय आढळल्यावर लोह देणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा आहे आणि बहुसंख्य गर्भवतींसाठी तो योग्यच आहे. वाहक महिलांनाही इतरांप्रमाणेच लोहाची गरज भासते. मात्र वारंवार रक्त चढवाव्या लागलेल्या रुग्ण महिलेच्या शरीरात आधीच लोह साचलेले असू शकते. तिच्याबाबत लोहाची कमतरता तपासून निर्णय घ्यावा लागतो. फॉलिक ॲसिड, संसर्गापासून संरक्षण आणि गरजेनुसार रक्ताची तजवीज तिच्यासाठी महत्त्वाची ठरते. गावपातळीवर होणाऱ्या विद्राव्यता चाचणीतून सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते, महिला वाहक आहे की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी लागते. ती वेळेत न झाल्यास उपचारांची दिशा अंदाजावर ठरते.

सिकलसेल निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. तपासणीनंतर व्यक्तीला तिची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. विवाहापूर्वी दोघांनी कार्डे पाहावीत, असा त्यामागील हेतू आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही शक्यता दोघांच्या जनुकांतून येते. तरीही समुपदेशन नसेल, तर कार्डाचा भार मुलीवरच पडण्याची आणि तिचे स्थळ मोडण्याची भीती आहे.

आधीच गरोदर असलेल्या महिलेसाठी वेळ हा निर्णायक घटक ठरतो. गर्भाच्या निदानासाठीची वारेच्या ऊतीची चाचणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात केली जाते. त्याआधी पतीचीही तपासणी होऊन दाम्पत्याला नीट माहिती मिळायला हवी. पाचव्या सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे एक तृतीयांश मातांची पहिल्या तिमाहीत प्रसूतिपूर्व तपासणी झाली नव्हती. त्यांच्यासाठी निवडीची ही वेळ नकळतच निघून जाते.

त्यामुळे मोहिमेचे यश केवळ तपासण्यांच्या संख्येवरून मोजणे पुरेसे ठरणार नाही. किती गर्भवतींचे अंतिम निदान पहिल्या तिमाहीत झाले, किती पतींची तपासणी झाली, किती रुग्ण महिलांची प्रसूती रक्त व तज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात झाली आणि किती मातामृत्यूंच्या चौकशीत सिकलसेलची नोंद झाली, हे आकडे जिल्हानिहाय समोर येणे आवश्यक आहे. देशाला कमी पडणारे संशोधनही याच नोंदींतून उभे राहू शकते. आजार, रुग्ण आणि संस्था या तिन्ही एकाच राज्यात असल्याने त्याची सुरुवात रायपूरमधून होण्यास मोठा वाव आहे.