रावींची झडती

हदीसांच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या कथनांच्या, शास्त्रावर एक ठरीव आक्षेप घेतला जातो : भाविकांनी भाविकांना वाटलेली ही प्रशस्तिपत्रे. माणूस पाच वेळा नमाज पढतो, आपल्याच पंथाचा आहे, मग तो सांगतो ते खरेच! इग्नाझ गोल्डझिहर या हंगेरियन पंडिताने १८९० साली हदीसांविषयी घेतलेल्या शंका अभ्यासातून आलेल्या होत्या, त्यांना उत्तरही अभ्यासानेच द्यावे लागते. हा आक्षेप त्या जातीचा नव्हे. रावींचे, म्हणजे हदीस पुढे सांगणाऱ्यांचे, चरित्रकोश न उघडताच तो घेतला जातो.

रावीला दोन कसोट्या होत्या : सचोटी आणि अचूकता. आक्षेपक पहिलीपाशीच थांबतो. निव्वळ धार्मिकता पुरत नाही, हे हदीसपंडितांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. सज्जन माणसे इतर कशाहीपेक्षा हदीसातच अधिक खोटे सांगतात, असे हदीसपारखी याह्या अल-कत्तान यांचे मत इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे आणि ते लबाडीने नव्हे, बेसावधपणे, असा खुलासाही केला आहे. अली इब्न अल-मदीनी या हदीसपारख्यांनी तर सख्ख्या वडिलांनाच कमकुवत रावी ठरवले. याला प्रशस्तिपत्र म्हणायचे?

मग अचूकता मोजायची कशी? याह्या इब्न मईन (मृत्यू ८४८) या हदीसपारख्यांची एक हकीकत सांगतात. बसऱ्याच्या हम्माद इब्न सलमा यांची तीच ती कथने ते त्यांच्या एकेका शिष्याकडून पुन्हापुन्हा ऐकत हिंडले. एकाने विचारले, हा खटाटोप कशाला? हेतू सरळ होता. सगळ्या शिष्यांची चूक एकच निघाली तर ती गुरूची, एकटाच वेगळे सांगत असेल तर त्या शिष्याची. जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांच्याबाबत तर काळाचाही हिशेब झाला : त्यांची स्मृती ढासळण्यापूर्वी ज्यांनी ऐकले, त्या इब्न अल-मुबारकांसारख्यांची कथने अनेकांनी वरच्या दर्जाची मानली.

राहिला पंथाचा मुद्दा. इम्रान इब्न हित्तान हा खारिजी, म्हणजे चौथे खलिफा अली यांच्या विरोधात गेलेल्या पंथाचा, कवी. अलींच्या मारेकऱ्याची त्याने स्तुती केली, तरी बुखारींच्या ‘सहीह’ या हदीससंग्रहात त्याचे कथन आहे. पुढे काहींना ते खुपले, ही गोष्ट वेगळी. सारे निवाडे एकमुखी नव्हतेच. पैगंबरांचे चरित्रकार इब्न इसहाक यांना इमाम मालिक यांनी दज्जाल, म्हणजे महाठक, म्हटले, तर हदीसपंडित शुबा यांनी डोक्यावर घेतले. दोन्ही शेरे कोशांत शेजारीशेजारी नांदतात.

ही झडती सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सहवासातल्या पिढीच्या, उंबऱ्याशी मात्र थांबते. त्यांच्याकडूनही विसर पडू शकतो, पण सचोटीवर प्रश्न नाही, हा सुन्नी शास्त्राचा गृहीत सिद्धान्त. भांडायचेच असेल तर आक्षेपकाने इथे भांडावे. शिया विद्वान शतकानुशतके इथेच भांडत आले आहेत.