जिन्याखालचा लक्ष्मी रस्ता

आज ११ डिसेंबर. पुणे महापालिकेने २०२१ पासून हा दिवस पादचारी दिन म्हणून पाळायला घेतला आणि तेव्हापासून या तारखेला लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकाकडचा टप्पा दिवसभरापुरता वाहनांना बंद होऊ लागला. एरवी ज्या रस्त्यावर एका खांद्याला पिशवी अडकवून, दुसऱ्या हाताने मुलाचे मनगट घट्ट धरून, मागून येणाऱ्या हॉर्नचा अदमास घेत आपण वाट काढतो, त्याच रस्त्याच्या मधोमध आज आजीआजोबा रमतगमत जातात आणि मुलांना कोणी ओरडत नाही. हवेत गारवा असतो. तुळशीची लग्ने लागून गेलेली असतात आणि लग्नाचा बस्ता बांधायला गावोगावची कुटुंबे पेठेत उतरलेली असतात. अशा मोकळ्या रस्त्यावर, गाडी अंगावर येण्याची धास्ती नसल्यामुळे, आपली नजर आपोआप वर जाते. दुकानांच्या झगमगत्या पाट्यांच्या वर कुठे लाकडी कठड्याची गॅलरी दिसते, तिला खेटून गुळगुळीत काचेची नवी इमारत आणि पलीकडे हिरव्या जाळीत गुंडाळलेले बांधकाम. रस्ता कात टाकतो आहे हे एरवी आपल्याला ऐकून ठाऊक असते. आज ते पाहायला सवड मिळते.

वाहने थांबवून हा रस्ता माणसांच्या स्वाधीन करणे आपल्याला तसे नवे नाही. अनंत चतुर्दशीला कसबा गणपतीची पालखी मंडईतून निघते, मानाचे पाचही गणपती आणि त्यांच्यामागे शेकडो मंडळे बेलबाग चौकातून याच रस्त्याने टिळक चौकाकडे सरकत राहतात, आणि दुसरा दिवस उजाडून कलला तरी इथे चाकांना शिरकाव नसतो. त्या दिवशी रस्ता बंद म्हणून तक्रार करण्याचे आपल्या मनातही येत नाही. पादचारी दिनाने एवढेच केले की देवाच्या नावाने जे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो ते साध्या चालणाऱ्या माणसाच्या नावाने एक दिवस करून पाहिले. त्यावर मात्र वाद होतात. धंदा बुडतो असे काही व्यापाऱ्यांना वाटते, वाढतो असे काहींना, आणि आपण गिऱ्हाईक मंडळी गाडी कुठे लावायची या एका प्रश्नापाशी अडून बसतो.

लक्ष्मी रस्त्याचा जुना चेहरा म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो तोही एका काळी नवाच होता. नाना फडणविसांनी बेलबाग उभारली, नारो आप्पाजींनी तुळशीबागेतले राममंदिर बांधले, तेव्हा त्यांच्या भोवती आजची बाजारपेठ नव्हती. देवळाच्या आवारात पूजासाहित्य, कुंकू, तांब्यापितळेची भांडी, मग खेळणी आणि बांगड्या अशी ती हळूहळू भरत गेली. १८८६ मध्ये मंडईची अष्टकोनी इमारत उघडली तेव्हा तिच्यावर झालेल्या खर्चावरून पुण्यात केवढा वाद झाला होता! आज त्याच इमारतीशिवाय पुण्याचे चित्र पुरे होत नाही. सराफीच्या पेढ्यांतल्या काही नामांकित घराण्यांचे मूळ सांगलीकडचे, पैठणी येवल्याची, आणि ज्या अमृततुल्य चहाला आपण अस्सल पुणेरी म्हणतो तो पितळी पातेल्यात उकळणारी कुटुंबे राजस्थानातून आलेली. बाहेरून येणाऱ्याला ओटा देणे हा या पेठेचा जुना शिरस्ता आहे. तेव्हा पहिल्या मजल्यावर उघडलेल्या कॅफेत कॉलेजची मुले लॅपटॉप मांडून बसली म्हणून नाक मुरडण्याचे काही कारण नाही. बस्ता बांधून दमलेल्या मावश्या-आत्यांनाही घटकाभर टेकायला, पंख्याखाली गार पाणी प्यायला आणि नीट स्वच्छतागृह गाठायला जागा हवीच असते, आणि जुन्या पेठेने ही सोय बायकांना कधी मनापासून दिली नव्हती, हेही कबूल करायला हवे.

वाडे पडले म्हणून हळहळणारे आपण बहुतेक जण कोथरूडला नाहीतर सिंहगड रस्त्याला फ्लॅटमध्ये राहतो. वाड्यातल्या सामाईक संडासापुढची रांग आपल्या वाट्याला येत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना ज्या नोटिसा लावते त्या आपल्या दारावर डकवलेल्या नसतात. लाकडी खांब, मातीविटांच्या भिंती, शेजारच्या भिंतीला चिकटलेली भिंत, चिंचोळे प्लॉट, आणि वर्षानुवर्षे न वाढलेले भाडे. मालकाने दुरुस्ती करायची कशातून आणि भाडेकरूने घर सोडायचे कशाच्या भरवशावर, या पेचात कितीतरी वाडे उभ्या उभ्या खचले. पुनर्विकास हा इथे हौसेचा मामला नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईच्या पोटातून स्वारगेटपर्यंत धावू लागली आणि त्यानंतर तर या जमिनीकडे पाहण्याची सगळ्यांचीच नजर बदलली. पेठेत यायला आता दुचाकी लागत नाही, पण पेठेत राहायला आणि दुकान थाटायला पूर्वीपेक्षा जास्त पैसा लागणार हे उघड आहे.

या सगळ्या धामधुमीत आपले लक्ष जात नाही ते जिन्याखाली.

लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या साडीच्या दुकानात जावे. पांढऱ्या स्वच्छ गादीवर आपण मांडी घालून बसतो, चहा येतो, आणि समोरचा विक्रेता एका झटक्यात साडी अशी उलगडतो की काठ आपल्या गुडघ्याशी आणि पदर थेट त्याच्या खांद्यावर. दोन-तीन तासांत गादीवर रंगांचा डोंगर होतो; त्यातल्या चार साड्या आपण उचलतो, बाकीच्या घडी घालायला दुकानातली पोरे बसतात. पण साडी घेऊन काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. तिला फॉल लावायचा असतो, पिको करायचा असतो, पदराला गोंडे हवे असतात, ब्लाउजपीस साडीत नसेल तर मॅचिंग सेंटर गाठायचे असते. दुकानदारच हाताने दाखवतो, ‘त्या बोळातून आत जा, डावीकडे जिन्याखाली.’ बोळात डोके वाकवून शिरले की चार-पाच फुटांच्या कोनाड्यात एक शिलाईचे यंत्र, एक स्टूल, भिंतीवर फॉलच्या रंगीत गुंडाळ्यांची उतरंड आणि डोक्यावर तिरका गेलेला जिना. वरून कोणी उतरले की दिव्याची वायर हलते. बसलेला माणूस मान वर न करता साडीचा काठ बोटांनी चाचपतो, गुंडाळ्यांवरून नजर फिरवतो आणि शंभर छटांमधून नेमका तोच जांभळा काढतो. ‘गुरुवारी या.’ पावती म्हणून एक चिठ्ठी, तिचा अर्धा तुकडा साडीला टाचलेला. हजारो रुपयांची पैठणी आपण अशा चिठ्ठीच्या भरवशावर सोडून घरी जातो आणि गुरुवारी ती मिळते.

अशाच कोनाड्यांत घड्याळाचे पट्टे बदलून मिळतात, कुलपांच्या किल्ल्या होतात, छत्रीच्या काड्या बसतात, मंगळसूत्र पुन्हा गाठवून मिळते. सोने घ्यायला आपण मोठ्या पेढीवर जातो, पण काळ्या मण्यांची सर ओवायला बाहेरच्या पटव्याकडे. मोठे दुकान आणि हा कोनाडा यांचे नाते कुठल्याही कागदावर नाही. तरी दुकानदाराच्या विक्रीतला केवढा तरी भाग या माणसाच्या बोटांवर टेकलेला असतो, कारण फॉल लावून मिळणार नसेल तर परगावचे गिऱ्हाईक इथे येईल कशाला? साडी काय, आता मोबाइलवरही दिसते.

इमारत पुनर्विकासाला गेली की नकाशा तयार होतो. त्यात गाळे असतात, त्यांना क्रमांक असतात, क्षेत्रफळ असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या भाडेकरूला निदान उभे राहायला जमीन दिली. त्याच्याजवळ भाडेपावत्यांची चळत असते, तो वकील गाठतो, भांडतो आणि बहुधा नव्या इमारतीत काहीतरी मिळवतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यामुळे पदपथावरच्या पथारीवाल्यालाही, अंमलबजावणी कितीही रखडलेली असो, सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती असे शब्द तरी उच्चारता येतात. जिन्याखालचा माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत बसलेला. तो पदपथावर दिसत नाही, आणि अनेकदा त्याची जागा वडिलांनी पूर्वीच्या मालकाशी केलेल्या तोंडी बोलीवर चालत आलेली असते. पाडकाम सुरू होते तेव्हा जिना पाडतात आणि त्याबरोबर तोही जातो. कोणी अन्याय केला असेही धड म्हणता येत नाही. नव्या इमारतीत लिफ्ट असते, आगीच्या नियमांमुळे जिना बंदिस्त आणि मोकळा ठेवावा लागतो, तो नियमही योग्यच. तळमजल्यावर शोरूम, मागे पार्किंग, वर खाण्यापिण्याची ठिकाणे, त्यावर कार्यालये. सगळे नीटनेटके. फॉल-पिकोवाला कुठे गेला असे विचारले तर शेजारचा म्हणतो, ‘आता घरूनच करतो, धायरीला.’

इतर शहरांनी यातले काही आपल्या आधी भोगले आहे. कोपनहेगनचा स्ट्रोएट रस्ता १९६२ च्या नोव्हेंबरात प्रयोग म्हणून वाहनांना बंद झाला तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही धंदा बसेल म्हणून आरडाओरड केली. धंदा बसला नाही, प्रयोग १९६४ मध्ये कायमचा झाला आणि जगभरचे नगररचनाकार तो पाहायला जाऊ लागले. पण रस्ता जसा रम्य झाला तशी तिथली भाडीही चढली, आणि आज त्यावर कुठल्याही मोठ्या शहरात दिसतील अशीच साखळी दुकाने पुष्कळ आहेत. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा पट्टा लाल दगडाने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मनाई केली. मोटारी थांबल्या तरी माल थांबत नाही, तो हातगाड्यांवर आणि हमालांच्या पाठीवर येत राहतो. त्यांच्या वेळा, त्यांच्या विसाव्याच्या जागा आधी ठरवल्या नाहीत तर दगडी फरसबंदी महिन्याभरात मळते. मुंबईत भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास चालू आहे आणि तिथे बाराशेहून अधिक दुकानांना नव्या जागेत सामावून घ्यायचे ठरले. एकेका प्लॉटचा सुटा विचार करण्याऐवजी सगळ्या मोहल्ल्याचा एकत्र विचार केला की दुकानदारांची यादी तरी होते. लक्ष्मी रस्त्यावर मात्र प्रत्येक मालक, प्रत्येक बिल्डर आपापल्या भिंतीपुरते पाहतो, त्यामुळे अशी यादी करण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही.

ती कोणी घ्यावी? महापालिकेचे नाव आपण लगेच घेतो, आणि पदपथ रुंद करणे, खांब-पेट्या वाटेतून हलवणे, बसायला बाक ठेवणे ही कामे तिचीच आहेत. जंगली महाराज रस्त्यावर ती तिने करून दाखवली आहेत. पण रस्त्यावरच्या कारागिरांची खरी माहिती ज्यांच्या वहीत आहे ते व्यापारीच आहेत. कोणत्या पिको-फॉलवाल्याकडे आपण गिऱ्हाईक पाठवतो, पटवा कोणता, कुलूपवाला कोणता, हे पेठेतल्या प्रत्येक गादीवर पाठ असते. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीवर हळदकुंकू वाहून शुभ-लाभ लिहिणाऱ्या या पेठेने त्याच वहीत आपल्या इमारतीतल्या अशा माणसांची नावे, त्यांची कामे आणि त्यांना लागणारी जागा एका पानावर लिहून काढली, तर पुनर्विकासाच्या करारात दाखवायला काहीतरी हाती राहील. विकसकाशी बोलणी करताना भाडेकरू संघ आपल्या गाळ्याच्या एकेका चौरस फुटासाठी झगडतो, ते रास्तच. त्याच बैठकीत हे पानही टेबलावर ठेवता येते, आणि ते ठेवायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

आपलेही काही काम आहे. नव्या कॅफेत एका कॉफीला दोनशे रुपये निमूटपणे मोजणारे आपण फॉल लावायचे वीस रुपये जास्त सांगितले की घासाघीस करतो. बस्ता बांधताना दुकानदाराला ‘फॉल-पिको इथेच कुठे मिळेल?’ असे विचारणारे गिऱ्हाईक जोवर आहे तोवर तो कोनाडा दुकानदाराच्याही गरजेचा राहील. घरपोच मिळेल ना, असे विचारू लागलो की तो गेलाच म्हणून समजावे.

आणि जागेचे म्हणाल तर तिचा आकडा फार मोठा नाही. बांधकाम नियमांत एका मोटारीच्या पार्किंगसाठी साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे एकशे तीस चौरस फुटांच्या वर जागा धरतात. एक यंत्र, एक स्टूल आणि गुंडाळ्यांची एक भिंत मावायला चाळीस चौरस फूट पुरतात. प्रवेशद्वाराच्या कडेला, जिन्याची वाट न अडवता, एका मोटारीच्या जागेत तीन कारागीर बसू शकतात, आणि मेट्रो मंडईत थांबू लागल्यापासून पेठेत मोटार घेऊन येण्याची निकड तशीही आधीइतकी राहिलेली नाही.