घोडा पाहून येतो

वाचकहो, गेल्या काही अंकांत आपण वृद्धांच्या घरातल्या घरात पडण्याविषयी बोललो. आज घरापासून फार दूरची, मंगोलियातील एका रस्त्याकडेची हकीकत सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते; कारण चाळीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत ती घडली.

माझे यजमान इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, वय बहात्तर. चंगीझखानाच्या वारसांची राजधानी काराकोरम जिथे उभी होती, ते हारहोरिन गाव डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची फार जुनी इच्छा. आखीव सहलींचा त्यांना कंटाळा. तेव्हा कन्येला सोबत घेऊन आम्ही ऑगस्ट महिन्यात उलानबातरला पोहोचलो आणि स्थानिक लोक जातात त्याच बसची तिकिटे काढली.

हा देश आकाराने महाराष्ट्राच्या पाचपट. लोकसंख्या मात्र पस्तीस लाखांच्या आसपास, आणि तीतही जवळजवळ निम्मे लोक राजधानीत राहतात. शहर मागे पडले की मग झाड नाही, टपरी नाही, आडोसा म्हणावा असे काही नाही. क्षितिजापर्यंत गवत आणि त्यात एखादा पांढरा तंबू. प्रमुख रस्ते डांबरी आहेत, पण वाहने सावकाशीने हाकावी असे नाहीत. वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि जपानहून आलेल्या असंख्य जुन्या मोटारींचे चक्रही उजवीकडेच असते. त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडताना चालकाला समोरचे दिसावे तसे दिसत नाही. बसमध्ये बसून हे पाहताना मी दोन वेळा डोळे मिटून घेतले.

हारहोरिनचे अंतर सुमारे ३६० किलोमीटर. निघतानाच पहिली चूक झाली. औषधांची पिशवी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि क्षारसंजीवनीची पाकिटे मोठ्या बॅगेत होती, आणि ती बॅग बसच्या पोटात पिठाच्या पोत्यांखाली गेली. दुसरी चूक मला दिसलीच नाही. यजमानांनी आदल्या रात्रीपासून पाणी जवळजवळ बंद केले होते. पहाटे अर्धा कप चहा घेतला, त्यावर रक्तदाबाची नेहमीची गोळी, एवढेच. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. बस कुठे थांबेल ठाऊक नाही, भाषा येत नाही, भर बसमध्ये चालकाला हात करून काय सांगायचे? त्यापेक्षा न पिणे बरे, असा त्यांचा विचार. तो त्यांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारले नाही.

चार तासांनंतर मोठा आवाज झाला. मागचा टायर फुटला होता. जवळची जादा चकती निकामी निघाली. दुसरी येईपर्यंत थांबणे भाग होते. उतारू निवांतपणे गवतावर उतरले. कोणी पत्ते काढले, कोणी वाळवलेल्या दह्याचे तुकडे वाटले. यजमान शेवटी उठले, पायऱ्या उतरले, दहा पावले चालले आणि एकाएकी खाली बसून कलंडले.

चेहरा पांढराफटक, नाडी बारीक आणि वेगवान, जीभ कोरडी. हात-पाय हलत होते, बोलणे स्पष्ट होते, तोंड वाकडे नव्हते; म्हणून निदान अर्धांगाची शंका मागे पडली. आम्ही त्यांना सावलीत, म्हणजे बसच्याच सावलीत, आडवे केले आणि पाय पिशव्यांवर उंच ठेवले. कन्येने आणि चालकाने पोती उपसून बॅग बाहेर काढली. रक्तदाब पुष्कळ खाली आला होता. ते पूर्ण शुद्धीवर आहेत आणि नीट गिळू शकतात हे पाहून एक लिटर पाण्यात एक पाकीट विरघळवले आणि घोटघोट पाजत राहिले. तासाभराने चेहऱ्यावर रंग आला. त्या तासात मी शांत दिसत होते, पण सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे याचा हिशेब मनात एकसारखा चालू होता.

मग त्यांनी कबुली दिली. सकाळपासून पाणी का टाळले, हे हलक्या आवाजात सांगितले. शेजारी एक मंगोल शिक्षिका बसल्या होत्या. त्यांना थोडे इंग्रजी येत होते. कारण ऐकून त्या हसल्या. चालकाकडे बोट करून म्हणाल्या, त्याला एवढेच सांगायचे, 'मोरी हारख'. मंगोल भाषेत 'मोरी' म्हणजे घोडा. शेवटचा इकार जेमतेम कानांवर येतो. 'हारख' म्हणजे पाहणे. 'जरा घोडा पाहून येतो' असे म्हणत माणूस गवतात चार पावले दूर जातो. बाकीचे दुसरीकडे पाहतात. बायकांना त्यांचा घोळदार अंगरखाच आडोसा होतो.

आमच्या जुन्या वाड्यात मोरीवर जाऊन येतो म्हणण्याची पद्धत होती, ती मला आठवली. शब्द योगायोगानेच जुळलेला, पण काम तेच करणारा. यजमान खळखळून हसले आणि काही वेळाने खरोखरच घोडा पाहून आले.

वाचकहो, टायर फुटणे हा त्या दिवसाचा खरा अपघात नव्हता. खरा अपघात संकोचाचा होता. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते तरी घसा मागत नाही. मूत्रपिंडेही पूर्वीइतके पाणी राखून ठेवू शकत नाहीत. त्यात उलानबातर समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, म्हणजे साधारण महाबळेश्वराइतके उंच, पण हवा अगदी कोरडी. घाम येतो तो कळण्याआधीच वाळतो. अशा वेळी बराच वेळ बसून चटकन उठले की रक्तदाब घसरतो. हे मंगोलियातच घडते असे नाही. पुण्याहून कोल्हापूरला जाणारे आजोबाही याच कारणाने पाण्याची बाटली न उघडता परत आणतात.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी एवढे करावे.

रोजची औषधे, क्षारसंजीवनी आणि औषधांची लेखी यादी अंगाशी असलेल्या पिशवीत ठेवावी. मधुमेह असल्यास साखर किंवा खाऊही त्यातच असावा. जेवण लांबले तर तोच आधार.

लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे.

बसल्या जागी घोटे वरखाली करावेत. गाडी थांबली की आधी मिनिटभर पाय हलवावेत, मग धरून उभे राहावे, मग उतरावे.

बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, छातीत दुखणे, भान हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. परदेशात असाल तर तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा. मंगोलियात तो १०३ आहे.

आणि सोबत जाणाऱ्या मुलामुलींनो, 'पाणी हवे का?' असे विचारू नका. उत्तर 'नको' असेच येईल. बाटली हातात द्या, आणि गाडी थांबली की तुम्हीच आधी उतरा. म्हणजे त्यांनाही उतरणे सोपे जाईल.

पुढे हारहोरिनला १५८६ च्या सुमारासचा एर्देने झू मठ आम्ही सावकाश पाहिला. तिथून ओरखोन नदीच्या धबधब्याकडे एका जुन्या रशियन गाडीतून निघालो, तर पावसाने फुगलेल्या ओढ्यात ती रुतली. रात्र जवळच्या तंबूत काढली. यजमानीण आजींनी मीठ घातलेला दुधाचा चहा दिला. रक्तदाबामुळे यजमानांनी दोनच घोट घेतले आणि खुणेने तसे स्पष्ट सांगितले. बाहेर आकाश ताऱ्यांनी भरले होते. चालकाने एका तेजस्वी ग्रहाकडे बोट दाखवून म्हटले, 'बार्खासबाद'. आपला बृहस्पती! संस्कृतातली ग्रहांची नावे बौद्ध धर्माबरोबर तिथवर पोहोचली आहेत. मंगळाला तर ते अंगाराग म्हणतात.

त्या रात्री यजमान तीनदा उठले. दर वेळी मला हलवून जागे केले, विजेरी घेतली आणि मोठ्याने सांगून गेले, "घोडा पाहून येतो."