शोमरोन्याची गोष्ट आणि आमचीं मुलें

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोन्याचा दाखला आमच्या मुलांस नवा नाहीं. मिशनच्या शाळांतून तो सांगितला जातो, नीतिपर गोष्टींच्या पुस्तकांतून छापला जातो, आणि घरींहि वडील मंडळी परोपकाराचा नमुना म्हणून तो सांगतात. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटसरूस चोर लुटतात व अर्धमेला टाकून जातात. एक याजक त्यास पाहून बाजूनें निघून जातो. एक लेवीहि तसेंच करतो. शोमरोनी मात्र त्याच्या जखमा बांधतो, त्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेतो व त्याच्या खर्चासाठीं दोन दिनार देतो. यावर शिक्षक तात्पर्य काढतात कीं, संकटांत सांपडलेल्यास मदत करावी. तात्पर्य खोटें नाहीं. पण एवढेंच सांगावयाचें होतें, तर मदत करणारा शोमरोनीच कां? या साध्या प्रश्नाचें उत्तर जो देत नाहीं त्यानें ही गोष्ट सांगितलीच नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याहून वाईट प्रकार असा कीं, कित्येक ठिकाणीं उत्तर दिलें जातें, पण तें चुकीचें असतें. यहुदी लोक सोवळ्याओवळ्याच्या आहारीं गेलेले होते, प्रेतास शिवल्यास विटाळ होईल या भीतीनें याजक निघून गेला, कर्मठ धर्मानें त्यांच्या मनांतील दया आटविली होती, असें मुलांस सांगण्यांत येतें. सोवळें म्हणजे काय हें आमच्या घरांतून ठाऊक असल्यामुळें तें चटकन् पटतेंहि. वाचकांनीं मूळ वचन एकवार उघडून पाहावें. याजक कां निघून गेला, हें लूक सांगतच नाहीं. याजकानें प्रेताचा विटाळ टाळावा अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत आहे खरी; परंतु ती याजकांपुरती आहे, लेव्यांस लागू नाहीं. शिवाय वाटेवर पडलेला मनुष्य जिवंत होता. याजक तर ‘खालीं’ चालला होता, म्हणजे यरुशलेमाकडे पाठ करून यरीहोकडे उतरत होता. मंदिरांतील सेवा त्याच्या पुढें नव्हती, मागें राहिली होती. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत तर असें सांगितलें आहे कीं, बेवारशी प्रेत वाटेंत आढळल्यास खुद्द प्रमुख याजकानेंहि विटाळ पत्करून तें पुरावें. जीव वांचविण्यासाठीं शब्बाथहि मोडावा, हेंहि त्याच ग्रंथाचें म्हणणें. तेव्हां त्या दोघांनीं नियमशास्त्र पाळलें म्हणून ते निघून गेले असें नव्हे. त्यांनीं तें पाळलें नाहीं, हाच त्यांचा दोष. ‘शेजाऱ्यावर प्रीति करावी’ ही आज्ञा त्याच लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांतील आहे, आणि परक्यावरहि तशीच प्रीति करावी असें तोच अध्याय पुढें बजावतो. मग दया न करणें हा यहुदी धर्माचा गुण कसा ठरला?

आतां शोमरोनी कोण, तें पाहूं. यहुदी व शोमरोनी या दोघांनाहि मोशेचीं पांच पुस्तकें मान्य होतीं. पण एकाचें पवित्र स्थान यरुशलेम, तर दुसऱ्याचा पवित्र डोंगर गरिज्जीम. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस यानें गरिज्जीमवरील मंदिर पाडलें, आणि भाऊबंदकीचें वैर झालें. या दाखल्याच्या एकच अध्याय आधीं शोमरोन्यांचें एक गांव येशूस थारा देत नाहीं, व त्याचे शिष्य त्या गांवावर आकाशांतून अग्नि पाडावा काय म्हणून विचारतात! अशा श्रोत्यांपुढें ही गोष्ट सांगितली आहे. यहुदी समाजाचे याजक, लेवी व इस्राएल असे तीन विभाग असत. पहिले दोघे निघून गेल्यावर तिसरा आपल्यांतलाच कोणी साधा इस्राएली येणार, अशी श्रोत्यांची खात्री. आणि आला तो शोमरोनी. ज्यांस शास्त्र मुखोद्गत होतें त्यांस दुसरा इतिहास ग्रंथाचा २८ वा अध्यायहि आठवला असेल. त्यांत शोमरोनाचे लोक यहुदाच्या बंदिवानांस वस्त्रें देतात, तेल लावतात, अशक्तांस गाढवांवर बसवितात व यरीहोस पोंचवितात.

हें सारें ठाऊक झालें म्हणजे गोष्टीचा प्रश्नच बदलतो. तात्पर्यापुरती गोष्ट ऐकणारें मूल स्वतःस शोमरोन्याच्या जागीं बसवितें व आपण भले आहों म्हणून सुखावतें. पार्श्वभूमि जाणणारें मूल वाटेवर पडलेल्या मनुष्याच्या जागीं जातें. ज्याचें नांव निघतांच आपल्या घरांत कपाळाला आठी पडते, तोच हात पुढें करीत आहे. तो हात धरवेल काय? प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्यानेंहि शेवटीं ‘ज्यानें दया केली तो’ एवढेंच उत्तर दिलें. ‘शोमरोनी’ हा शब्द त्यानें उच्चारला नाहीं.

कोणी म्हणतील, लहान मुलांच्या डोक्यांत एवढा इतिहास कशाला? प्रतापगडची गोष्ट सांगतांना विजापूरचा दरबार व जावळीचें खोरें आपण वगळतों काय? दोन घरांचें बोलणें कां बंद आहे, हें तर मुलास बहुधा न सांगतांहि कळतें. एक नकाशा, चार वाक्यें आणि अर्धा तास, एवढ्यांत काम होतें.

दुसरे म्हणतील, परक्या देशांतील यहुद्यांविषयीं आमचीं मुलें गैरसमज करून घेतील तर बिघडलें काय? यहुदी आम्हांस परके नाहींत. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारीं काम बंद ठेवणारे व म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्राएल मराठीच बोलत आले. त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचें पुस्तक मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास छापलें गेलें. अशा घरांतील एखादें मूल वर्गांत बसलें असतां त्याचे पूर्वज दयाहीन होते असें शिकविणें हा अन्याय होय. आणि तें मूल वर्गांत नसलें तरी तो अन्यायच राहतो. देवानें यहुद्यांस टाकलें किंवा शापिलें असें शिकवूं नये, असें १९६५ सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनेंच जाहीर केलें. आमचीं शाळापुस्तकें त्याहून मागें राहण्याचें कारण नाहीं.

दयेचा धडा देतांना एका समाजाविषयीं तिटकारा शिकविणें, ही गोष्ट सांगणाऱ्याशींच प्रतारणा आहे. कारण सांगणारा स्वतः यहुदी होता. हें शिकविण्याची ज्यांची तयारी नसेल त्यांनीं हा दाखला वगळावा. मुलांस दुसरी गोष्ट सांगतां येईल.