विस्मरण वयाचे की रक्तातील उणिवेचे?

वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेल्या स्तोत्रातील मधलीच ओळ एके दिवशी आठवेनाशी होते. दुधाचे पातेले गॅसवर ठेवल्याचे ध्यानात राहत नाही. नातवंडांच्या नावांची अदलाबदल होते. ‘आता वय झाले’ असे म्हणून घरातील मंडळी ते हसण्यावारी नेतात आणि आजीही तेच खरे मानतात. परंतु विस्मरणाचे मूळ प्रत्येक वेळी वयातच असते असे नाही. कित्येकदा ते रक्तातील एखाद्या उणिवेत असते आणि ती उणीव भरून निघण्याजोगी असते.

या विषयाचा एक विलक्षण अभ्यास अमेरिकेत झाला. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ मध्ये ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या ख्रिस्ती संघातील वृद्ध नन्सच्या सहकार्याने त्याचा आरंभ केला. पुढे ७५ वर्षांवरील ६७८ नन्स त्यात सहभागी झाल्या. ठरावीक काळाने स्मरणशक्तीची चाचणी देण्यास आणि मृत्यूनंतर मेंदूचे दान करण्यास त्यांनी संमती दिली. या भगिनींचे जीवन बव्हंशी सारखे होते. निवास एकत्र, दिनचर्या समान, व्यसन नाही आणि एका मठातील सर्वांचा स्वयंपाकही एकच. त्यामुळे वार्धक्यात एकीची बुद्धी तल्लख का राहते आणि दुसरीची मंद का होते, हे शोधणे सुकर झाले.

२००० मध्ये त्यांपैकी एकाच मठातील ३० नन्सविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हयातीत घेतलेल्या रक्ताची तपासणी मृत्यूनंतरच्या मेंदूच्या परीक्षणाशी ताडून पाहिली गेली. ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मेंदूचे बाह्यावरण अधिक आक्रसलेले आढळले. अल्झायमरच्या खुणा असलेल्या मेंदूंत हा संबंध विशेष ठळक होता. पंगत एक असली तरी रक्त एकसारखे नसते, हा या अभ्यासाचा मोठा बोध होय. अर्थात अभ्यास लहान होता आणि दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही.

फोलेटचा मेंदूशी संबंध समजून घ्यायचा तर होमोसिस्टीन हे नाव लक्षात ठेवावे लागेल. शरीरात नित्य निर्माण होणारे हे एक अमिनो आम्ल आहे. त्याचे निरुपद्रवी मेथिओनिनमध्ये रूपांतर होण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. एकाचीही वाण पडली की होमोसिस्टीन रक्तात साचत जाते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १,०९२ वृद्धांचा, त्यांत ६६७ स्त्रियांचा, सुमारे ८ वर्षे मागोवा घेण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचे होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलच्या वर होते, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होता.

शाकाहारी कुटुंबांसाठी यात एक थेट सूचना आहे. डाळी, कडधान्ये आणि हिरव्या भाज्यांतून फोलेट मिळते. बी-१२ मात्र वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारात त्याचा मुख्य आधार म्हणजे दूध, दही आणि ताक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. गर्भवती महिलांच्या पाहणीतही निम्म्याहून अधिक जणींत हीच उणीव दिसली. वय वाढले की जठरातील आम्ल घटते आणि अन्नातील बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते. त्यातच ज्या आजींच्या पोटात दूध फक्त चहापुरतेच जाते, त्यांची उणीव सहज लक्षात येत नाही.

उणीव भरून काढल्याने मेंदूला लाभ होतो का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढील १६८ व्यक्तींना दोन वर्षे फोलिक आम्ल, बी-१२ व बी-६ किंवा निर्गुण गोळी दिली. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत मेंदू आक्रसण्याची गती सुमारे ३० टक्क्यांनी मंद झाली. ज्यांचे होमोसिस्टीन अधिक होते, त्यांना लाभही अधिक झाला. मात्र ज्यांच्यात उणीव नाही, त्यांना गोळ्या देऊन स्मरणशक्ती वाढल्याचे मोठ्या प्रयोगांत दिसलेले नाही. सारांश असा की, औषध उणिवेवर आहे, वयावर नाही.

म्हणून आजींच्या विस्मरणाकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२, फोलेट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम यांची तपासणी करून घ्यावी. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, जिभेची आग होणे ही लक्षणेही डॉक्टरांना अवश्य सांगावीत. केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. औषधातील बी-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून लेबल वाचून साधी गोळी मागावी. शोषणच होत नसेल तर इंजेक्शनचा मार्ग आहे.

विलंब मात्र नको. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेली मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येतेच असे नाही. आजीची विसरलेली ओळ घरातल्यांनी हसून सोडून देण्याऐवजी तिची वेळीच दखल घेतली, तर पुढच्या कित्येक ओळी वाचू शकतात.