कार्ड चालत नाही? लिनक्सला शिव्या देऊ नका!

उल्हासनगरातून आणलेलं वायफाय कार्ड बदलापूरला घरी येऊन लिनक्समध्ये चालेना. शनिवार गेला. मित्र म्हणाला, "फुकटची सिस्टीम, असंच होणार!" साफ चूक. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मारलं, तर आत चिप भलतीच! मॉडेल तेच, चिप मात्र गुपचूप बदललेली. अहो, ड्रायव्हर चिपचा आयडी बघतो, खोक्यावरचं नाव नाही. आणि चिपची माहितीच कंपन्या दडवतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून बी४३ ड्रायव्हर लिहिला. नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर कंपनीने दिला तो थेट २०१० साली. मग दोष लिनक्सचा कसा? खोक्यावर एमआरपी छापता, मग चिपचं नाव छापायला काय होतं? तोवर दुकानात आधी विचारा, "आत चिप कुठली?"